अपुऱ्या माणसांची मंडळी

देव साध्या, अपुऱ्या माणसांना हाताशी धरतो, हे विधान कोल्हापुरातल्या कुठल्याही चर्चमध्ये वर्षातून चार-सहा वेळा तरी कानावर पडतं. पाळक ते पुलपिटावरून सांगतात, शब्बाथ शाळेच्या बाई मुलांना सांगतात आणि अंत्यविधीच्या वेळी ते हमखास निघतं. ऐकणाऱ्याला त्यात आता नवल वाटत नाही. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. काम करणारा माणूस सदोष असेल तर त्याचं काम खरं धरायचं का? आणि धरायचं असेल तर त्याच्या दोषांचा भार कोणी वाहिला, हे कोण सांगणार? कोल्हापूर, मिरज, बेळगाव आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरं विखुरलेली आहेत. त्यातली काही उत्तरं दिली गेली, काही टाळली गेली.

सुरुवात कोल्हापूरपासूनच करू, कारण इथल्या मिशनचा पाया ज्याने घातला त्याला त्याच्याच संस्थेने परत पाठवायला नकार दिला होता. रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८४६ साली हिंदुस्थानात आला. काही वर्षं अहमदनगरला काढून १८५२ च्या अखेरीस तो कोल्हापुरात आला. पाठवणारी संस्था बॉस्टनची ‘अमेरिकन बोर्ड’. वायल्डरचा सगळा जीव शाळांत होता. मुलं शाळेत आली की घरं उघडतात, घरं उघडली की बोलणं होतं, हा त्याचा हिशेब. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ साली स्वतः हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्यांनी बरोबर उलटं धोरण बसवलं. मिशनऱ्याने देशी भाषेत उपदेश करावा, देशी पाळकांच्या मंडळ्या उभ्या कराव्यात, इंग्रजी शाळांवर पैसा आणि वेळ घालवू नये.

अँडरसनचं म्हणणं मुळीच टाकाऊ नव्हतं. परदेशी पैशावर जगणारी मंडळी कधी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, ही त्याची भीती पुढे खरी ठरली. पण वायल्डरला तडजोड म्हणून ठाऊक नव्हती. प्रकृतीच्या कारणाने तो अमेरिकेला गेला, तिथे बोर्डाशी त्याचं बिनसलं आणि दोन्ही बाजूंनी छापील पत्रकांची लढाई जुंपली. बोर्ड त्याला परत पाठवायला तयार होईना. मग १८६१ साली, शाळांची बाजू मांडणारं एक जाडजूड पुस्तक छापून, मित्रांकडून पैसे गोळा करून, कुठल्याही संस्थेच्या आधाराविना तो कोल्हापूरला परतला. नऊ वर्षं त्याने हे एकट्याच्या जबाबदारीवर चालवलं. १८७० साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतलं, आणि पुढचं वेस्टर्न इंडिया मिशन, म्हणजे कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, रत्नागिरी ही सगळी ठाणी, तिथून फुटली. वायल्डर १८७० च्या दशकात कायमचा अमेरिकेला गेला. १८७८ साली त्याने ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं मासिक काढलं आणि त्यात मिशन संस्थांच्या कारभारावर टीकेची धार धरली. म्हातारपणीही माणूस निवळला नव्हता.

आता या माणसाचं काय करायचं? कोल्हापुरात त्याच्या नावाचं चर्च उभं आहे, वायल्डर मेमोरियल. स्मारकात भांडणं कोरत नाहीत, हे समजू शकतं. पण त्याचा हट्ट वजा केला तर कोल्हापूरचं मिशनही वजा होतं, कारण शहाण्या, समजूतदार माणसाने बोर्डाचा निर्णय मान्य करून दुसरीकडे नेमणूक घेतली असती. उलट त्या हट्टाचं कौतुक करत बसलो तर अँडरसनची खरी चूक आणि खरं शहाणपण दोन्ही झाकलं जातं. मला वायल्डर या दोन टोकांच्या मध्येच बरा वाटतो. तो चिडका होता, शाळांबद्दल बरोबर होता आणि सहकाऱ्यांशी वागण्यात चुकला.

त्याच्या मुलांच्या गोष्टीत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. रॉबर्ट वायल्डरचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातला. प्रकृती नाजूक, वारंवार मोडणारी. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात त्याने मित्रांना मिशनकार्यासाठी नावं द्यायला लावली आणि शिबिर संपेपर्यंत शंभर तरुण तयार झाले. त्यातून १८८८ साली ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि तिने पुढच्या काही दशकांत हजारो तरुण जगभर पाठवले. रॉबर्टचं चरित्र त्याच्या मुलीने लिहिलं. त्याची बहीण ग्रेस हिने माउंट होलिओक कॉलेजात याआधीच मुलींचा असाच गट बांधला होता आणि कुटुंबाच्या प्रिन्स्टनमधल्या घरात ती भावाबरोबर याच कामासाठी प्रार्थनेला बसायची. ती पुढे आईबरोबर हिंदुस्थानात परतली आणि इस्लामपूरला राहून तिने काम केलं. इस्लामपुरात आज तिचं नाव किती जणांना ठाऊक असेल? चळवळीच्या इतिहासात ती ‘रॉबर्टची बहीण’ म्हणून उरली. देव सामान्यांना वापरतो असं आपण म्हणतो खरं, पण लिहायला बसलो की भावावरच लिहितो.

मूळ पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा धीट आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासू माणसांची मोठी यादी आहे. तीत वेश्या राहाब आहे, घाबरट गिदोन आहे, बायकांपायी वाहवत गेलेला शमशोन आहे. आणि इफ्ताहही आहे. शास्ते या पुस्तकात इफ्ताहची गोष्ट येते. लढाई जिंकून परत आल्यावर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला अर्पण करीन, असा नवस त्याने केला आणि सामोरी आली त्याची एकुलती एक मुलगी. बापाचं नाव विश्वासूंच्या यादीत आलं. मुलीचं नाव मूळ गोष्टीतही नाही. प्रवचनांत गिदोन वारंवार येतो, इफ्ताह क्वचित येतो आणि आला तरी त्याच्या मुलीजवळ कुणी थांबत नाही.

दाविदाचं मात्र शास्त्राने लपवलेलं नाही. त्याने बथशेबेला आणवलं, तिचा नवरा उरीया हित्ती याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. संदेष्टा नाथान राजासमोर उभा राहून हे बोलला. आणि मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना शलमोनाची आई म्हणून बथशेबेचं नाव न घालता तिला उरीयाची बायको म्हटलं. बथशेबेवर त्यात अन्याय आहे, हे खरं. पण राजघराण्याच्या गौरवाच्या यादीत, ज्याला राजाने मारलं त्याचं नाव कायमचं जाऊन बसलं. दाविदाला देवाने वापरलं असं सांगताना उरीयाला गाळता येणार नाही, अशी सोयच मत्तयाने करून ठेवली. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते थोडक्यात एवढंच: अपुऱ्या माणसाला देव वापरतो हे विधान खरं धरायचं तर त्या यादीत उरीयाचं नाव असायला हवं.

चर्चच्या इतिहासात हा वाद फार लवकर पेटला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन बादशहा डायोक्लेशनच्या छळात काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत प्रश्न उभा राहिला की अशा माणसाच्या हातून झालेला बाप्तिस्मा, अशा माणसाने केलेली नेमणूक चालेल का. डोनॅटस पंथाचे लोक म्हणाले, चालणार नाही. शंभर वर्षं हा तंटा चालला. ऑगस्टिनने त्याचं उत्तर असं मांडलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नसतो. ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांचे बिशप समोरासमोर बसले आणि सरकारी निकाल ऑगस्टिनच्या बाजूने लागला. मंडळीतल्या सामान्य माणसाला या निकालाने मोठा दिलासा मिळाला, कारण पाळक वाईट निघाला म्हणून त्याचा विश्वास बुडत नाही. पण याच तर्कात एक पळवाटही तयार झाली. पाळकाचं कृत्य वैध आहे एवढं म्हटलं की पाळकाला जाब विचारायची घाई कुणाला उरत नाही. लूथरने पुढे माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो असं मांडलं आणि स्वतःच्या जगण्यातून ते भरपूर सिद्धही केलं. १५४३ साली त्याने ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही.

मराठी माणसाला यातलं बरंचसं परकं वाटायचं कारण नाही. पतितपावन ही कल्पना आपल्या हाडीमाशी आहे. वाल्या कोळी, कान्होपात्रा, स्वतःला पुन्हा पुन्हा दोष देणारे तुकोबा हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, ते उगाच नाही. फरक मला एका ठिकाणी जाणवतो. भक्तीच्या गोष्टींत पतित शुद्ध होतो आणि देवाच्या पायाशी जाऊन विसावतो. बायबलच्या गोष्टींत तो धड शुद्ध होण्याआधीच त्याच्या गळ्यात काम पडतं. मोशे तोतरा, योना पळपुटा, पेत्र ऐन वेळी ओळख नाकारणारा, आणि तरी निघा म्हणून हुकूम. त्यामुळे दोष काम करता करताही चालू राहतात आणि आजूबाजूच्यांना ते सोसावे लागतात.

बेळगावचे बाबा पदमनजी या सोसण्याच्या नोंदीत लवकर येतात. जन्म १८३१, बाप्तिस्मा बेळगावलाच १८५४ साली, आणि तीन वर्षांनी विधवांच्या स्थितीवरची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची वर्षानुवर्षांची चालढकल प्रामाणिकपणे मांडली आहे. मन वळलं होतं, पाऊल उचलत नव्हतं. आईवडिलांची भीती, जातीची भीती, लोक काय म्हणतील ही भीती. वीरपुरुषाचं आत्मचरित्र लिहायची संधी असताना त्यांनी भित्र्या माणसाचं लिहिलं, म्हणून ते पुस्तक अजून वाचावंसं वाटतं.

पण या प्रश्नावरचं मराठीतलं सर्वात मोठं पुस्तक कुठल्याही धर्मपंडिताचं नाही. ते नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे. १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत निघालं. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा देवदत्त यांनी सिद्ध केला. मराठी वाचक त्याला आत्मचरित्र म्हणून, स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून, विनोदाचा नमुना म्हणून वाचतो आणि ते सगळं बरोबरच आहे. मला ते देवाच्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईचं निवेदन म्हणून वाचावं असं वाटतं.

टिळक मोठे कवी होते, मोठे भक्त होते, मराठी ख्रिस्ती उपासनेला मराठी गळा त्यांनी दिला. ते दातेही होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या नगरच्या घरात मुलासारखे राहिले, आणखी कितीतरी मुलं त्या घरात वाढली. हे सगळं लक्ष्मीबाई सांगतात आणि त्याच दमात हेही सांगतात की या दातृत्वापायी घरात उद्याचा पैसा नसायचा, की टिळकांचा संताप कधी भडकेल याचा नेम नसायचा, की ते न सांगता घरातून निघून जायचे आणि ही बाई लोकांच्या दारी राहायची. सर्वात मोठी गोष्ट त्यांनी बायकोला न सांगता केली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ती बातमी घरच्यांवर कोसळली. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या. वेड लागायची पाळी आली होती. चार-पाच वर्षं ताटातूट चालली.

प्रवचनात टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट धैर्याची गोष्ट म्हणून येते आणि ती धैर्याची आहेच. जात गेली, घर गेलं, मित्र गेले. पण त्या धैर्याची अर्धी किंमत ज्या बाईने भरली तिला कुणी विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई हे कडवटपणे लिहीत नाहीत. त्या हसतात, नवऱ्याला हसतात, स्वतःला त्याहून जास्त हसतात. टिळकांकडे परतल्यावरही त्यांचं सोवळं सुटत नव्हतं. ख्रिस्ती वस्तीत राहून त्या वेगळी चूल, वेगळं पाणी सांभाळत होत्या. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने ज्यांचं बालपण करपलं त्याच बाई त्याच सोवळ्याला चिकटून बसल्या होत्या आणि हे त्यांनी झाकलेलं नाही. मग एका रात्री विचार करता करता जात माणसांनीच केलेली आहे हे त्यांच्या मनाने घेतलं आणि ते ओझं एकदम उतरलं. त्यात कुणाचा उपदेश नव्हता, टिळकांची कविताही नव्हती. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा केली, अनाथ मुलं सांभाळली आणि टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं.

टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, ‘देवाचा दरबार’ मांडला आणि दोन वर्षांत वारले. पाश्चात्त्य साच्यातलं ख्रिस्तीपण त्यांना मान्य नव्हतं. अनेकांना हा त्यांच्या आयुष्याचा कळस वाटतो. मला मात्र त्यांची खरी ओळख बायकोच्या पुस्तकात होते. नवऱ्याचा एकही दोष तिने लपवला नाही आणि तरीही ते वाचून टिळक लहान झाले, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचं लिहिलं गेलंय भरपूर, म्हणून थोडक्यात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग दुष्काळातल्या मुली घेऊन केडगावला मुक्ती सदन. ज्या अँग्लिकन जोगिणींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीही त्यांचं पटलं नाही. सिस्टर जेराल्डिनशी झालेला पत्रव्यवहार वाचला तर बाई किती अडून बसायच्या हे दिसतं, आणि त्या अडून बसण्यानेच त्या कुणाच्या हातातलं बाहुलं झाल्या नाहीत हेही. त्यांची मुलगी मनोरमा आईच्या कामात आयुष्यभर जुंपलेली राहिली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. मनोरमेचं स्वतःचं पुस्तक नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ साली, छापून निघालं.

नावांची ही माळ ओवताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पदमनजी, टिळक, रमाबाई, नारायण शेषाद्री, नवलकर ही शिकलेल्या, लिहित्या घरांतली माणसं, आणि त्यांच्या जोडीला गोरे मिशनरी. मराठी ख्रिस्ती चरित्रवाङ्मय जवळजवळ एवढ्यांवरच उभं आहे. प्रत्यक्षात कोल्हापूर, सांगली आणि नगर जिल्ह्यांतल्या मंडळ्या भरल्या त्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून. कोडोलीसारख्या गावाची मंडळी अशा घरांची आहे. त्यांना गावाने ‘बाटगे’ म्हटलं, दुष्काळात आले म्हणून पोटासाठी आले असं म्हटलं. पोटासाठी आले असतील तर त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला कधी कळलेलं नाही. भाकरी वाटून खाणं शुभवर्तमानाच्या बाहेरचं नाही. पण सामान्यांना देव वापरतो हे ब्रीद मिरवणाऱ्या समाजाने आपल्या सर्वात सामान्य पिढीचा इतिहास लिहून ठेवला नाही. आणि चर्चच्या आत जात शिल्लक राहिली ती राहिलीच. डॉ. आंबेडकरांनी हिंदी ख्रिस्ती समाजावर केलेल्या टीकेत हे फार थेट आहे, आणि तिचं समाधानकारक उत्तर चर्चने अजून दिलेलं नाही. लग्न जुळवताना काय विचारतात, ते मंडळीतल्या कुणालाही विचारून पाहावं.

बायबलबाई ही या सामान्यांतली सर्वात सामान्य. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर गावोगाव पायी जायचं, माजघरापर्यंत पोचायचं, बायकांना वाचायला शिकवायचं, गोष्टी सांगायच्या, आजारी मूल असेल तर त्याला दवाखान्यात न्यायला घरच्यांना तयार करायचं. बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या. मिशनच्या वार्षिक अहवालांत त्या ‘आमची एक बायबलबाई’ अशा येतात, फार तर एकेरी नावाने. पुरुष मिशनरी आयुष्यभर ज्या उंबऱ्याबाहेर थांबला तो उंबरा या बाया रोज ओलांडत होत्या.

मिरजेचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली इकडे आले, सांगलीत थोडं काम करून मिरजेत स्थिरावले आणि १८९४ साली तिथे इस्पितळ उभं राहिलं. संस्थानिकाने जागा दिली, अमेरिकेतल्या एका कारखानदाराने पैसा दिला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी मिरजेचं नाव दूरवर गेलं. शाहू महाराजांचाही या मिशनशी चांगला संबंध होता. महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात जी जातिधर्मवार वसतिगृहं निघाली त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही एक होतं. १९२८ साली वानलेसांना ‘सर’ किताब मिळाला, १९३३ साली ते वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या पहिल्या पत्नी मेरी १९०६ साली गेल्या. कोल्हापूरच्या मिशन दवाखान्याला त्यांचं नाव आहे.

वानलेसांचा मोठेपणा निर्विवाद. तरी ज्या निर्णयाने मिरज टिकली तो वेगळाच होता, असं माझं मत आहे. १८९७ साली त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. ती मुलं शिकून खेड्यांतल्या मिशन दवाखान्यांत गेली. टाके घालणारा, भूल देणारा, रात्री बाळंतपणाला धावणारा डॉक्टर, कंपाउंडर, नर्स ही इथली माणसं होती. त्यांच्यातही रागीट होते, चहाडखोर होते, पैशाला कच्चे असतील. पेशंट तरी बरा होऊन घरी गेला. ऑगस्टिनने कार्थेजला जो मुद्दा मांडला तो वॉर्डात रोज खरा होत होता. फक्त दवाखान्यात एक बरं असतं. टाका चुकला तर तो दिसतो आणि पुन्हा घालावा लागतो.

चर्चमध्ये ते तसं दिसत नाही. अलीकडच्या काळात या विधानाचा सर्वात मोठा गैरवापर जगाने पाहिला तो चेन्नईत जन्मलेल्या रवी झकरायस यांच्या बाबतीत. ख्रिस्ती विश्वासाचे जगप्रसिद्ध वक्ते, त्यांची पुस्तकं मराठी घरांतही होती. २०२० साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या संस्थेने नेमलेल्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांशी केलेलं लैंगिक गैरवर्तन उघड झालं. फ्रान्समध्ये मतिमंदांसाठी ‘लार्श’ वस्त्या उभारणाऱ्या जाँ वानिए यांच्याबद्दलही २०२० साली असाच अहवाल आला. दोन्ही वेळा भक्तांच्या तोंडी पहिलं वाक्य होतं की देव अपुऱ्या माणसांनाच वापरतो. दाविदाचं नाव घेतलं गेलं. उरीया पुन्हा गाळला गेला.

हे फार लांबचं वाटत असेल तर एखाद्या घरगुती प्रार्थनासभेत बसून पाहावं. गाणी झाली, वचन झालं, की साक्षीची वेळ येते. पन्नाशीचा एक गृहस्थ उठतो, हात जोडतो. मी आधी फार पीत होतो, घरात मारझोड करत होतो, पगार उडवत होतो, प्रभूने मला त्यातून काढलं. लोक मनापासून ‘हालेलूया’ म्हणतात आणि तो खरोखर बदललेला असतो, हे शेजारीपाजारी जाणतात. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी असते. त्या मारझोडीबद्दल तिला कुणी साक्ष द्यायला सांगत नाही. तिचा हात कसा मोडला होता, मुलीची शाळा कोणत्या वर्षी सुटली, हे त्या साक्षीत येत नाही. साक्ष नवऱ्याच्या मुक्तीची असते, तिच्या सोसण्याची नसते. लक्ष्मीबाईंनी हा ट्रे खाली ठेवून स्वतः बोलायला सुरुवात केली, हे त्यांचं मराठी मंडळीला मिळालेलं सर्वात मोठं देणं, आणि मंडळीने ते फक्त साहित्य म्हणून स्वीकारलं.

मग विश्वासूपणा म्हणजे काय उरतं? ख्रिस्ती शिकवणीत हा शब्द आधी देवासाठी येतो. माणूस बेइमान झाला तरी देव शब्दाला जागतो, ही पौलाच्या पत्रांतली भूमिका आहे. माणसाचा विश्वासूपणा दुय्यम, उसना. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ असल्याची जाणीवच नव्हती. मला त्यात धक्क्यापेक्षा धीर वाटला. सकाळी उठून कामाला जाणं त्यांनी थांबवलं नव्हतं. कोल्हापूरच्या मंडळीत असे लोक आजही आहेत. वर्षानुवर्षं चर्चची घंटा वाजवणारा, दानार्पणाचे पैसे मोजून वहीत लिहिणारा, खुर्च्या मांडणारा. त्यांना साक्ष देता येत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं काही नाट्य नाही.

आणि याच मंडळीत कोर्टकज्जेही आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून जुन्या मिशनच्या जागा, शाळा, दवाखाने कुणाच्या मालकीचे यावरून पश्चिम महाराष्ट्रात गट पडले, दावे लागले, काही घरांत बोलणं बंद झालं. वायल्डर आणि अँडरसन यांची भांडणं निदान शाळा हव्यात की उपदेश यावरून होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. एवढ्याशा समाजाने भूखंडासाठी एकमेकांना कोर्टात खेचलं, हे आपल्या अपुरेपणाच्या यादीत वरच्या ओळीला जायला हवं.

मंडळ्यांच्या वर्धापनदिनाला स्मरणिका निघतात. पहिल्या पानांवर मिशनऱ्यांचे फोटो, मग पाळकांचे, मग देणगीदारांच्या जाहिराती. पुढच्या स्मरणिकेच्या संपादकांना एक काम सुचवावंसं वाटतं. कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदवह्या काढाव्यात, मिशनची जुनी पगारपत्रकं मिळतील तिथून मिळवावीत आणि बायबलबाया, कंपाउंडर, शाळामास्तर, घंटा वाजवणारे यांची नावं पूर्ण, आडनावासकट छापावीत. त्याच कपाटात सभांची इतिवृत्तं असतात. कुणाला शिस्तभंगाखाली काढलं, कुणाची तक्रार दाबली, कोणत्या बाईचं म्हणणं पंचांनी ऐकून घेतलं नाही, हे त्यांत लिहिलेलं असतं. ती पानंही त्याच अंकात यावीत, आणि छपाईला देण्याआधी ज्यांच्याबद्दल ती आहेत त्यांच्या घरच्यांना वाचायला द्यावीत.